एका मापाचे डबे

आईला पुण्याला जावे लागू नये, एवढ्याच एका हेतूने मी आमचे स्वयंपाकघर दुरुस्त करायला घेतले. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. पुढे कपाटे, बिजागऱ्या आणि डबे यांचेच वर्णन अधिक येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की हा गृहस्थ घरदुरुस्तीविषयी लिहितो आहे. लिहिण्याची मला सवय नाही. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षे इतरांची पुस्तके लावली, काढून दिली आणि परत आल्यावर जागेवर ठेवली. स्वतः काही लिहावे असे वाटले ते निवृत्तीनंतर, आणि तेही या एका गोष्टीपुरतेच.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात वडिलांनी बांधलेले आमचे चार खोल्यांचे घर आहे. वडील शिक्षक होते. ते गेल्यावर घरात आई आणि मी असे दोघेच उरलो. मी लग्न केले नाही. त्याला मोठे कारण नव्हते. ज्या वेळी विचारायला हवे होते त्या वेळी मी विचारले नाही, एवढेच. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला लागला आणि तिकडेच स्थिरावला. घरात वडिलांमुळे पुस्तकी मराठी बोलली जाई. आई मात्र गडमुडशिंगीची, शेतकऱ्याच्या घरातली. तिने आपली बोली कधी सोडली नाही. तिकडच्या बायकांसारखे ती 'मी करतो', 'मी येतो' असेच म्हणे, आणि वडील कधी हसले तर म्हणे, "तुमचं तुमच्या साळंत."

त्या वर्षी दिवाळीला भाऊ आणि भावजय आली तेव्हा आई एकोणऐंशी वर्षांची होती. पाडव्याच्या सकाळी ती पाटावर चढून भिंतीवरच्या मांडणीतून पातेले काढत होती. पाट हलला. ओट्याची कड हाताला लागली म्हणून ती पडली नाही. पातेले तेवढे पडले. आवाजाने भाऊ धावत आत आला आणि त्याने बहुधा कित्येक वर्षांनी ते स्वयंपाकघर नीट पाहिले. ओट्याखालच्या कडप्प्याच्या फळीला तडा गेला होता. फडताळाचे एक दार सुतळीने बांधलेले होते. मोरीचे पाणी झिरपून कोपऱ्यातली फरशी उचलली होती. मला हे सगळे माहीत होते; त्याचे काही करायचे असते, हे मात्र सुचले नव्हते.

"दादा, तू दिवसभर कॉलेजात," भाऊ म्हणाला. "ही इथं एकटी. पडली तर संध्याकाळी तू येईपर्यंत कुणाला कळणारसुद्धा नाही. मी नेतो हिला पुण्याला."

आई पडलेले पातेले पुसत राहिली. भाऊ बाहेर गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी न्हाय जायचो. तितं मला कुठं काय हाय ते कळत न्हाय. हितं समदं ठावं हाय."

मला निवृत्त व्हायला दोन वर्षे होती. तेवढी कशीबशी निभावली की मी घरीच असणार होतो, आणि मग हा प्रश्नच उरणार नव्हता. मी भावाला म्हणालो, "मी स्वयंपाकघर नीट करून घेतो. तिला चढावं लागणार नाही, वाकावं लागणार नाही, असं करून घेतो." त्याने थोडा विचार केला. "ठीक आहे. संक्रांतीला आम्ही येतो. तोवर झालं आणि ती त्यात नीट वावरली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही." त्याने पैसेही देऊ केले. मी घेतले नाहीत. त्याच्या पैशांनी केलेले स्वयंपाकघर त्याच्या बाजूचे झाले असते, असे काहीतरी तेव्हा माझ्या मनात होते.

माझी शिल्लक वडिलांच्या आजारपणात संपली होती. तरीही एका चकचकीत दुकानात जाऊन आलो. तिथल्या तरुणाने संगणकावर आमच्या खोलीचे चित्र काढून त्यात पांढरीशुभ्र कपाटे बसवून दाखवली, आणि नंतर खर्चाचा आकडा. "विचार करून सांगतो," असे म्हणून मी बाहेर पडलो आणि पुन्हा त्या रस्त्याने गेलो नाही. आमच्या ग्रंथालयातल्या शिपायाने मग सुचवले की शिरोली एमआयडीसीकडे जाताना रस्त्याकडेला पाडलेल्या घरांचे सामान विकणाऱ्यांची आवारे आहेत, तिथे बघा.

त्या आवारात दारे, चौकटी, कमोड आणि जिन्याचे कठडे एकमेकांना टेकून उभे होते. मालक खुर्चीवर बसून भडंग खात होता.

"बोला पावणं, काय बगताय?"

"स्वयंपाकघराची कपाटं."

"हायत की. राजारामपुरीतल्या बंगल्यातली हायत, लई भारी. पर उचलायची तर समदी उचलायची. येका घरची हायत, फोडून न्हाय देत मी."

कपाटे मलईच्या रंगाची होती, खालच्या कडेला थोडी काळवंडलेली. मी दारे उघडून पाहू लागलो. काय पाहायचे असते ते मला ठाऊक नव्हते. उघडतात आणि मिटतात, एवढे मी पाहिले.

"पुरात भिजलेला माल न्हाय ह्यो," तो म्हणाला. "इस्वास नसंल तर वास घेऊन बगा."

मी वाकून खरोखरच वास घेतला. तो मोठ्याने हसला. "आवो, घेतलासा व्हय! म्हणायची पद्धत असती ती!"

त्यानंतर घासाघीस करण्याचे धैर्य माझ्यात उरले नाही. त्याने सांगितले तितके दिले आणि सगळी कपाटे टेम्पोत भरून घरी आणली.

बसवायला आलेला सुतार बावड्यातलाच होता. बोलायला फटकळ, पण हात चांगला. त्याने अंगणात मांडलेल्या कपाटांभोवती एक फेरी मारली आणि एका कपाटापाशी थांबला.

"सर, माप घेतलंतं का न्हाय?"

"घेतलं होतं."

"कशाचं? वट्याचं का कपाटाचं?"

"दोन्हीचं."

"मग ह्ये कोपऱ्याचं कपाट कुठं बसवायचं? तुमचा वटा सरळ, ह्ये काटकोनातलं. डोक्यावर घिऊन फिरणार हायसा?"

आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. "घेईल की, घेईल," ती म्हणाली. "लहानपनापासनं कुनी काय दिलं की नको म्हनत न्हाय त्यो." सुतारही हसला, मीही हसलो. त्या सबंध कामात आम्ही तिघे एकदम हसलो ते तेव्हाच. ते कोपऱ्याचे कपाट अजून व्हरांड्यात आहे. त्यात वर्तमानपत्रांची रद्दी ठेवतो.

काम तीन आठवडे चालले. ओट्याखालच्या कडप्प्याच्या फळ्या निघाल्या, त्या जागी कप्पे ओढून बाहेर घेण्याची खालची कपाटे बसली. क्वचित लागणाऱ्या सामानाच्या वरच्या कपाटांसाठी मांडणी काढावी लागणार होती. स्टीलची ती मांडणी आईबाबांच्या लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली. ताटांना उभे खण, वाट्यांना आडवी फळी, पेल्यांना आकडे. सुतार पान्हा घेऊन उभा राहिला तेव्हा आई दारात आली.

"मांडनी काढायलाच पायजेल का रं?"

मी तिला नीट समजावून सांगितले. समजावून सांगणे मला जमते. चौतीस वर्षे तेच काम होते. उंचावरचे काढायला चढावे लागते, चढताना तोल जातो, आता सगळे कमरेच्या उंचीवर येईल, कप्पा ओढला की वस्तू समोर. ती ऐकून "बरं" म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली. मांडणी निघाल्यावर भिंतीत चार भोके राहिली, ती सुतारानेच बुजवली.

मग डब्यांचा प्रश्न आला. आमच्याकडचे डबे निरनिराळ्या उंचीचे, काही पोटाचे, काही कडीचे. नव्या कप्प्यांची खोली नऊ इंच. उंच डबे ठेवले की कप्पा मिटेना, ठेंगणे ठेवले की जागा वाया जाई. मोठ्या आकाराच्या पुस्तकांसाठी वेगळी फळी करायची आणि बाकीची एका उंचीची लावायची, ही ग्रंथालयाची रीत माझ्या हाडात मुरलेली. मला वाटले, डबे एका मापाचे असतील तर चाळीस डबे दोन कप्प्यांत बसतील. जुनी भांडी वजनावर देऊन नवी घ्यायची, याला आमच्याकडे मोड देणे म्हणतात. मी आईला विचारले. विचारले नाही असे कोणी म्हणू नये.

"आई, हे जुने डबे मोडीत देऊ का?"

ती हॉलमध्ये बसली होती. साखरेचा रिकामा डबा मी तिच्या हातात दिला. त्यावर, साऱ्यांच्या घरातल्या भांड्यांवर असते तसे, कोणी कोणाला कशानिमित्त दिले ते छिन्नीच्या ठिपक्यांनी कोरलेले होते. हा माझ्या बारशाला आत्याने दिलेला. आईने अंगठा त्या कोरीव अक्षरांवरून एकदा फिरवला आणि मग पुन्हा उलटा फिरवला. मला वाटले, तिला आत्याची आठवण झाली.

"दे," ती म्हणाली. "तुला बरं वाटत असंल तर दे."

माझेही मन जरा हलले होते. म्हणून दोन डबे मी आठवण म्हणून मागे ठेवले, आणि ठेवले ते नेमके वर्षातून एकदा अनारशांसाठी निघणारे. बाकी सगळे मोडीत गेले. दुकानातून मी चाळीस डबे आणले, गुळगुळीत, सपाट झाकणांचे, सगळे एकसारखे. दोन दिवस बसून प्रत्येक झाकणावर चिठ्ठी चिकटवली. कप्पा ओढला की वरून वाचता यावी म्हणून ती झाकणावर. काळ्या शाईने, पुस्तकांच्या पाठीवर लिहितो तशा मोकळ्या अक्षरांत: तूरडाळ, हरभराडाळ, रवा, पोहे, तांदळाचे पीठ. सगळे लावून झाल्यावर आईला बोलावले. ती कप्प्यावर वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"अक्षर छान आलंय," ती म्हणाली.

हे वाक्य मी त्या दिवशी भावाला फोनवरूनही सांगितले.

पहिले काही दिवस मी रजेवर होतो. आई स्वयंपाक करी आणि मी जवळ उभा राहून लागेल ते काढून देई. "हळद दे", "पोहे दे", आणि मी कप्पा ओढून क्षणात देई. नव्या व्यवस्थेचा मला अभिमान वाटत असे. एका दाराच्या आतल्या बाजूला कुणा लेकराने चिकटवलेले सशाचे चित्र होते. ते मी काढले नाही. आधीच्या घरातही या कपाटांनी कोणाचे तरी भले केले असेल, असे मी तेव्हा मनाशी म्हणालो.

रजा संपली. मी कामावर जाऊ लागलो आणि आमचे जेवण हळूहळू आटत गेले. आधी कोशिंबीर गेली, मग आमटी गेली. मग रोज संध्याकाळी दूध-भाकरी किंवा भात-पिठले. मला वाटले, काम चालले होते त्या धांदलीने ती दमली आहे. एकदा चहात मीठ आले. ती स्वतःच हसली आणि चहा ओतून टाकला. पुढे एका सकाळी 'तूरडाळ' असे लिहिलेले झाकण मी उघडले तर आत गूळ होता, 'रवा' उघडले तर बेसन. झाकणे एका मापाची असल्याने कोणतेही झाकण कोणत्याही डब्याला बसत होते, हे माझ्या तोवर ध्यानातच आले नव्हते. मी सगळे पुन्हा जुळवले. चार दिवसांनी पुन्हा तेच.

"आई, ज्याचं झाकण त्याला लावत जा ना," मी म्हणालो.

"व्हय, चुकलं," ती म्हणाली.

मी समजलो की तिची स्मरणशक्ती कमी होऊ लागली आहे. ग्रंथालयात या विषयावर एक पुस्तक होते; ते घरी आणून वाचले.

एका शनिवारी फाटकापाशी शेजारच्या काकूंनी मला थांबवले. त्यांचे-आमचे जाणे-येणे जुने.

"तुमच्या आईनं सांगू नका म्हटलंय, पण सांगते. रोज दुपारी त्या चहाला आमच्याकडं येतात. एक-दोनदा मलाच नेलं घरात, म्हणाल्या, यातलं तांदळाचं पीठ कुठलं बघ जरा. अहो, त्यांना दिसत नाही हो."

"दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय," मी म्हणालो.

"झालं असेल," काकू म्हणाल्या. "दिसत मात्र नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई आंघोळ करून स्वयंपाकघरात गेली आणि मी, ज्याचे मला आजही नीट समर्थन करता येत नाही, आवाज न करता दारापाशी जाऊन उभा राहिलो. तिने कढईत तेल घातले, गॅस पेटवला. मग कप्पा ओढला. पहिला डबा काढला, झाकण उघडले, वास घेतला, बोट घालून जिभेला लावले, झाकण लावले आणि ठेवला. दुसरा काढला, तिसरा काढला. मधे तेल तापून धुरावले तसा तिने गॅस बंद केला आणि पुन्हा शोधू लागली. अकराव्या डब्यात बेसन सापडले. तोवर तिच्या भोवती ओट्यावर झाकणे पसरली होती आणि ती हाताला येईल ते झाकण हाताला येईल त्या डब्यावर ठेवत होती. बेसनाचा डबा घट्ट लावून तिने तो छातीशी धरला आणि अंगठा त्याच्या अंगावरून फिरवला. सगळीकडून फिरवला. कुठेही काही लागले नाही. मग तिने तो ओट्याच्या अगदी डाव्या कोपऱ्याला, भिंतीला टेकवून ठेवला, म्हणजे निदान तो तरी उद्या सापडावा.

तेव्हा मला समजले. आत्याच्या नावाचा तो साखरेचा, मामाने वास्तुशांतीला दिलेला तो तांदळाचा, कडीवाला तो डाळीचा, पोचा आलेला तो पोह्यांचा. ती कित्येक वर्षे अंगठ्याने वाचत होती. मांडणीतले कोणते ताट कितव्या खणात, तेही तिला हातानेच ठाऊक होते. पाडव्याला पाट हलला होता तो उंच चढल्यामुळे नव्हे. पाटाची कड तिला दिसली नव्हती.

मी दारातून तसाच मागे फिरलो. अंगणात जाऊन, आत्ताच बाहेरून आल्यासारखी चप्पल वाजवून पुन्हा आत आलो. ती म्हणाली, "आज पिठलं करतो." मी म्हणालो, "कर."

सोमवारी भांड्यांच्या दुकानात गेलो. मोडीतले डबे परत मिळतील का, असे विचारले.

"सर, मोड ऱ्हातीय व्हय आमच्याजवळ?" दुकानदार म्हणाला. "त्याच आठवड्यात गाडीत भरून गेली. आता वितळून कशाची तरी कढई झाली असंल." माझा चेहरा पाहून त्याला वाईट वाटले असावे. "नवीन डब्यांवर नावं घालून देऊ का? मशिन हाय, एका दिवसात देतो."

मला तो उपाय वाटला. चाळीस डबे पोत्यात भरून नेले आणि प्रत्येकाच्या अंगावर पदार्थाचे नाव कोरून आणले. त्या संध्याकाळी मी आईला प्रथमच सांगितले की मला कळले आहे. तिने नाकारले नाही. मी एक डबा तिच्या मांडीवर दिला. तिने अंगठा फिरवला. मशिनची रेघ केसासारखी बारीक आणि उथळ होती. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे तिने जुन्या डब्यांवरची अक्षरे कधी वाचलीच नव्हती. कोणत्या डब्याचा खडबडीतपणा कुठे आणि कसा, एवढेच तिच्या हाताला पन्नास वर्षांत पाठ झाले होते.

"साखर?" तिने विचारले.

"नाही, शेंगदाणे."

दुसरा दिला. ती बराच वेळ चाचपत राहिली.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "आता साळंत घालतोस व्हय मला?"

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू होता, आणि बराच जुना होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, असे ते म्हणाले आणि थेंब लिहून दिले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "धाकट्याला सांगू नगोस." मी सांगितले नाही. आधी का बोलली नाहीस, असे मी तिला रिक्षात विचारले. "थेंब घेतलेस न्हवं?" ती म्हणाली. आणि मीही दिवाळीपासून तिला एकदाही विचारले नव्हते की तुला दिसते का.

संक्रांतीला आठ दिवस उरले. आम्ही एक व्यवस्था ठरवली. सकाळी निघण्यापूर्वी मी दिवसभराचे सगळे ओट्यावर ओळीने मांडून ठेवायचे: डावीकडून तेल, मोहरी, हळद, चटणी, मीठ, पीठ. तिने क्रम पाठ करायचा. क्रम तिला लगेच पाठ झाला. दोन दिवसांत आमटी परत आली. मला वाटले, जमेल. मी तर पुढच्या दोन वर्षांचे वेळापत्रकही मनात आखले.

भोगीला सकाळी भाऊ आणि भावजय आली. भावजयीला कपाटे फार आवडली. भावाने एकेक कप्पा ओढून पाहिला, वरची दारे उघडून मिटली. "दादा, जुन्या सामानातून केलंस हे? खरंच वाटत नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, आईने त्यांच्यासमोर गुळाच्या पोळ्या केल्या. पहाटेच मी सगळे ओळीने मांडले होते. भावजय मदतीला आली तर आई म्हणाली, "तू बस, मी करतो." एकही पोळी फुटली नाही, एकही करपली नाही. भाऊ जेवून तृप्त झाला आणि माझ्याकडे पाहून त्याने मान हलवली. आपण हरलो, हे त्याने आनंदाने मान्य केल्यासारखी ती मान होती.

आई हात पुसत बाहेर आली आणि खाली बसली.

"दादानं लई छान केलंय समदं," ती भावाला म्हणाली. "पर मी येतो तुज्यासंगं. हितली थंडी आता सोसत न्हाय."

भावाने माझ्याकडे पाहिले. पुण्याला कोल्हापुरापेक्षा थंडी जास्त असते, हे आम्हा तिघांनाही माहीत होते. बोलायचे ते मी त्या वेळी बोलायला हवे होते. तिचे डोळे, डबे, मोड, सगळे. नोकरी आत्ता सोडतो, असेही म्हणता आले असते. कायद्याने त्याला काही आडकाठी नव्हती. मी ताटे गोळा केली.

ती बॅग भरत असताना मी खोलीत गेलो. "आज सगळं नीट झालं होतं की," मी म्हणालो.

"झालं. तू मांडून ठेवलंतंस म्हणून झालं." ती लुगड्यांच्या घड्या हातांनी सारख्या करत होती. "किती दिस मांडून ठेवणार तू? आनि येक दिवस तुजं चुकलं, मी भाजलो, तर? मला काय, म्हातारीला. जलमभर तूच सोताला खात बसशील." मग तिने बॅगेची चेन चाचपून लावली. "थेंबाची बाटली कुठं ठेवलीस ते तेवढं सांग."

महिन्याभरात पुण्याच्या डॉक्टरांकडून भावाला सगळे कळले. त्याचा फोन आला. "तुला माहीत होतं, दादा?" मी हो म्हणालो. त्याने फोन ठेवला. रागावला असता तर बरे झाले असते.

तिथे तिची व्यवस्था उत्तम आहे. एक बाई दिवसभर असते. आई गॅसपाशी जात नाही. पाणीसुद्धा तिला हातात आणून देतात. पहिल्या वर्षी ती फोनवर विचारी, आज काय केलंस, भाकरी जमते का. पुढे विचारणे कमी झाले. इकडे स्वयंपाकघर माझ्यासाठी फार सोयीचे झाले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कप्पा ओढला की वस्तू समोर असते.

निवृत्त झालो त्याच आठवड्यात मी पुण्याला गेलो. आता मी दिवसभर घरीच असणार, चल, असे आईला म्हणालो. हे वाक्य मी दोन वर्षे तयार ठेवले होते. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिने आवाजाच्या दिशेने तोंड केले, पण ते माझ्या थोडे बाजूला वळले.

"आता नगो," ती म्हणाली. "खाटंपासनं मोरीपातूर बारा पावलं. मोरीचं दार उजव्या अंगाला. खुर्चीपातूर सात. ह्ये पाठ व्हायला वरीस गेलं बग मला. आता परत नवं नगो."

मी बरे म्हणालो. थोड्या वेळाने ती उठली, पावले मोजत मोरीकडे गेली, आणि मी वाटेतून माझी पिशवी उचलून घेतली.